सी भाषेतलं इनपुट-आउटपुट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, तासगाव, कराडकडच्या पोरापोरींना सी शिकवताना जे प्रश्न दरवर्षी हमखास येतात, ते इथं एकत्र केलेत. पॉइंटर, स्ट्रक्चर वगैरे पसारा बाजूला ठेवलाय. कीबोर्डवरून आत काय येतं आणि स्क्रीनवर बाहेर काय जातं, एवढाच विषय. फंक्शनची नावं आपण वर्गात बोलतो तशीच लिहिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी लहान अक्षरांत करायची, हे सांगायला नको.

निम्म्या प्रश्नांचं मूळ एकच आहे, ते आधी सांगून टाकतो. प्रोग्रॅमकडे आकडा, नाव, तारीख असलं काही येत नसतं. येतात ते नुसते बाइट, एकामागून एक. त्यांतून आकडा काढणं हे तुमचं काम, आणि तो निघाला की नाही हे बघणंही तुमचंच.

कॉलेजात टर्बो सीवर चालणारा प्रोग्रॅम घरी जीसीसीवर का चालत नाही?

टर्बो सी हा जुना कंपायलर, जीसीसी हा आजचा. क्लिअरस्क्रीन आणि गेटसीएच काढून टाका, बहुतेक वेळा लगेच चालेल. ही फंक्शनं कोनिओ नावाच्या हेडरमधली. ती बोरलँड कंपनीनं डॉससाठी दिली होती, सी भाषेच्या मानकात ती कधीच नव्हती. टर्बो सी++ आलं १९९० मध्ये. आजच्या ६४ बिटच्या विंडोजवर ते सरळ चालतही नाही, म्हणून तर डॉसबॉक्सच्या निळ्या खिडकीत बसवून चालवावं लागतं.

शेवटी गेटसीएच लिहायची सवयही तिथलीच. ते लिहिलं नाही तर आउटपुट दिसायच्या आत एडिटरची खिडकी परत पुढं येते, म्हणून एक बटण दाबेपर्यंत थांबवायचं. टर्मिनलवर प्रोग्रॅम चालवला की आउटपुट तिथंच राहतं, थांबवायची गरजच नाही.

आणखी एक फरक लक्षात ठेवा. टर्बोमध्ये इंट १६ बिटचा असतो, त्यात जास्तीत जास्त ३२७६७ मावतात. उसाच्या दोन गाड्यांचं वजन प्रत्येकी २०००० किलो धरून बेरीज केली की स्क्रीनवर ४०००० ऐवजी उणे २५५३६ येतं. वजनकाटा असा असता तर शेतकऱ्यानं कारखान्यालाच पैसे द्यावे लागले असते. जीसीसीवर साध्या संगणकात इंट ३२ बिटचा असतो, २१४७४८३६४७ पर्यंत जातो.

जर्नलमध्ये काय लिहायचं ते तुमच्या मॅडमना विचारा. तिथं वाद घालून काही मिळत नाही. घरी मात्र जीसीसी वापरा, आणि कंपाइल करताना डॅश-डब्ल्यू-ऑल हा चुकांचे इशारे दाखवणारा पर्याय द्यायला विसरू नका.

'स्टुडिओ डॉट एच' सापडत नाही असं का म्हणतो?

कारण ते स्टुडिओ नाही, एसटीडी-आयओ आहे: स्टँडर्ड इनपुट-आउटपुट. मागच्या बाकावरून 'स्टुडिओ' ऐकू येतं आणि तसंच टाइप होतं.

पण हे हेडर लागतंच का, हा प्रश्न जास्त चांगला. डेनिस रिची यांनी बेल लॅब्समध्ये १९७२ च्या सुमारास सी घडवली, तेव्हा छापणं आणि वाचणं यासाठी भाषेत खास विधानं ठेवलीच नाहीत. ते सगळं लायब्ररीवर सोपवलं. म्हणून प्रिंटएफ हा भाषेचा कीवर्ड नाही, साधं फंक्शन आहे. आणि फंक्शन म्हटलं की त्याची ओळख कंपायलरला आधी करून द्यावी लागते.

प्रिंटएफ लिहिलंय, तरी मजकूर स्क्रीनवर दिसत नाही. का?

मजकूर निघालाय, पण वाटेत थांबलाय. प्रिंटएफ थेट स्क्रीनला देत नाही, आधी एका बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात, टाकतं. आपल्याकडचं वडाप आठवा: सीट भरल्याशिवाय जीप स्टँडवरून हलत नाही. आउटपुट फाइलमध्ये किंवा दुसऱ्या प्रोग्रॅमकडे जात असेल तर बफरही तसाच, भरल्यावर सुटतो. टर्मिनलवर जात असेल तर साधारणपणे बॅकस्लॅश-एन (नवी ओळ) आलं की सुटतो. आणि एफफ्लश म्हणजे ड्रायव्हरला 'असेल तेवढ्या पॅसेंजरवर निघ' म्हणून सांगणं.

लिनक्सच्या टर्मिनलवर बॅकस्लॅश-एन नसलेला 'नाव सांगा:' असा प्रॉम्प्टही बहुधा दिसतो, कारण तिथली लायब्ररी कीबोर्डकडून वाचायला जाण्याआधी टर्मिनलचा बफर रिकामा करते. पण काही आयडीईंच्या (कोड लिहायच्या आणि चालवायच्या सॉफ्टवेअरच्या) कन्सोलमध्ये प्रोग्रॅमला खरं टर्मिनल मिळतच नाही, पाइप मिळतो. मग तुम्ही कोऱ्या स्क्रीनकडे बघत बसता, आणि उत्तर टाइप केल्यावर सगळे प्रश्न एकदम बाहेर पडतात. उपाय एका ओळीचा: प्रॉम्प्टनंतर एफफ्लश, कंसात एसटीडीआउट.

यातूनच येणारी मोठी डोकेदुखी अशी. प्रोग्रॅम कुठं कोसळतो ते शोधायला तुम्ही जागोजागी 'इथं आलो', 'इथं आलो' असं छापता. आउटपुट फाइलमध्ये वळवलेलं असतं. सेगमेंटेशन फॉल्ट आला की बफरमध्ये अडकलेला मजकूर तिथंच जातो, आणि तुम्ही खऱ्या जागेच्या कितीतरी आधीच्या ओळीवर संशय घेऊन बसता. असल्या तपासणीच्या ओळी एफप्रिंटएफ वापरून स्टँडर्ड एररवर, म्हणजे चुकांसाठीच्या वेगळ्या वाटेवर, पाठवा. ती वाट मजकूर असा अडवून ठेवत नाही.

स्कॅनएफमध्ये ते ॲम्परसँड कशासाठी?

स्कॅनएफला तुमच्या व्हेरिएबलची किंमत नको, पत्ता हवा. आणलेला आकडा कुठं ठेवायचा ते त्याला कळायला नको का? कॅरॅक्टर ॲरेला ॲम्परसँड लागत नाही, कारण ॲरेचं नाव तिथं आपोआप पत्ता बनतं. विसरलात तर डॅश-डब्ल्यू-ऑल आधीच ओरडेल.

आधी वय विचारलं, मग नाव. वय दिलं की नाव न विचारताच प्रोग्रॅम पुढं पळतो. का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, त्यामुळं जरा सावकाश बघू.

तुम्ही ४२ टाइप करून एंटर दाबलं. इंग्रजी कीबोर्डवरून प्रोग्रॅमकडे तीन बाइट आले: ५२, ५० आणि १०. पहिले दोन म्हणजे चार आणि दोन या अंकांचे आस्की क्रमांक. तिसरा, १०, म्हणजे एंटर. स्कॅनएफला टक्का-डी, म्हणजे 'पूर्णांक वाच', सांगितलंय. ते ५२ घेतं, ५० घेतं, पुढं १० बघतं. हा काही अंक नाही, म्हणून तो जागेवर ठेवतं, ४२ तुमच्या व्हेरिएबलमध्ये भरतं आणि काम संपवतं. तो १० तसाच पडून.

आता नावासाठी एफगेट्स येतं. त्याचं काम काय, तर एंटर दिसेपर्यंत वाचायचं. त्याला पहिलाच बाइट एंटर मिळतो. झालं, ओळ संपली, नाव रिकामं. एकच कॅरॅक्टर वाचणाऱ्या टक्का-सीचंही तेच होतं. शब्द वाचणारं टक्का-एस वापरलं तर अडचण येत नाही, कारण टक्का-डी आणि टक्का-एस सुरुवातीच्या मोकळ्या जागा आणि एंटर गिळून टाकतात. म्हणून कुणाकुणाला वाटतं की हा प्रकार 'कधी होतो, कधी होत नाही'. होतो तो ठरलेल्या नियमानंच.

टक्का-सीच्या आधी एक स्पेस दिली की तेवढ्यापुरतं भागतं. एफफ्लशच्या कंसात एसटीडीइन टाकायचा सल्ला इंटरनेटवर जिथं तिथं दिसेल, तो घेऊ नका. कीबोर्डच्या इनपुटवर एफफ्लश केलं तर काय व्हावं, हे सीच्या मानकानं ठरवलेलंच नाही. एका कंपायलरवर चालेल, दुसऱ्यावर नाही, आणि प्रॅक्टिकलच्या दिवशी समोर दुसराच असेल. खरा उपाय तीन प्रश्न पुढं आहे.

चुकून अक्षर टाकलं की लूप थांबतच नाही. संगणक बिघडला का?

नाही. टक्का-डीला अक्षर चालत नाही, म्हणून स्कॅनएफ ते उचलतच नाही. पुढच्या फेरीत तेच अक्षर पुन्हा समोर, पुन्हा नकार. फेऱ्या सुरूच.

स्कॅनएफ काहीतरी परत देतं, हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं. किती गोष्टी यशस्वीपणे भरल्या तो आकडा ते देतं: एक मागितली आणि एक मिळाली तर १, अक्षर आलं तर ०, आणि वाचायला काही उरलंच नसेल तर ईओएफ, जी एक ऋण किंमत असते. हा परतावा न तपासता पुढं गेलात तर व्हेरिएबलमध्ये आधीचा कचरा असतो आणि हिशेब त्याच्यावर चालतो. माझ्या मते सीच्या पहिल्या तासाला 'हॅलो वर्ल्ड'नंतर लगेच हेच शिकवावं. पण सहसा ते शेवटच्या आठवड्यात येतं, किंवा येतच नाही.

मराठी अंक टाकले तर ० का मिळतं? अंकच तर आहेत.

तुमच्यासाठी आहेत, टक्का-डीसाठी नाहीत. त्याला इंग्रजी अंकच कळतात. देवनागरी ४ यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत मांडायची आजची रूढ पद्धत) एक बाइट नसतो, तीन असतात: २२४, १६५, १७०.

घ्यायचेच असतील तर युक्ती सोपी आहे. शून्यापासून नऊपर्यंत सगळ्या देवनागरी अंकांचे पहिले दोन बाइट तेच, तिसरा १६६ ते १७५. तिसऱ्यातून १६६ वजा करा, अंक हातात. फक्त बाइट वाचताना अनसाइन्ड कॅरॅक्टर घ्या, नाहीतर १७० च्या जागी उणे ८६ दिसेल आणि तुम्ही माझ्या नावानं खडे फोडाल.

मग इनपुट घ्यायची बरोबर पद्धत कोणती?

पूर्ण ओळ एफगेट्सनं घ्या, मग त्या ओळीतून हवं ते काढा. दोन पायऱ्या, वेगवेगळ्या.

आपल्या गावचंच उदाहरण घेऊ. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी चढायला लागलं की सांगलीत प्रत्येकाच्या मोबाइलवर आयर्विन पुलाची पातळी फिरते, फूट आणि इंचांत. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. तर प्रोग्रॅमनं फूट आणि इंच विचारायचे आणि इशारा की धोका ते सांगायचं.

शंभर बाइटचा एक ॲरे घ्या, नाव समजा 'ओळ'. एफगेट्सला तीन गोष्टी द्या: ओळ, साइझऑफ ओळ, आणि एसटीडीइन. परत नल आलं तर इनपुट संपलं, बाहेर पडा. नाहीतर एसस्कॅनएफला (स्कॅनएफचंच भावंड, पण कीबोर्डऐवजी ॲरेतून वाचणारं) ती ओळ द्या, फॉरमॅट टक्का-डी टक्का-डी, आणि परतावा २ आहे का बघा. मग फूट ऋण नाहीत आणि इंच ० ते ११ मध्येच आहेत, हेही बघा. सगळं ठीक असेल तर फूट गुणिले १२ अधिक इंच. ४८० च्या खाली निवांत, ४८० पासून इशारा, ५४० पासून धोका.

आता गंमत बघा. कुणी घाईत ४१.६ टाइप करतं. त्याच्या मनात ४१ फूट ६ इंच असतं. दशांश आकडा वाचणारं टक्का-एफ वापरलं असतं तर प्रोग्रॅमनं ते मुकाट्यानं घेतलं असतं आणि पातळी ४१ फूट ७ इंचांच्या वर धरली असती. पूर येत असताना इंचाचा फरक लहान नसतो. आपल्या पद्धतीत पहिला टक्का-डी ४१ घेतो, दुसऱ्याला टिंब लागतं, परतावा १ येतो, आणि प्रोग्रॅम म्हणतो: 'फूट आणि इंच यांच्यात जागा सोडून पुन्हा लिहा.' चुकीची ओळ एफगेट्सनं आधीच पूर्ण उचललेली असल्यामुळं पुढच्या फेरीला इनपुट स्वच्छ असतं. न थांबणारा लूपही नाही आणि उरलेला एंटरही नाही.

'४१ ६ बहुतेक' असं लिहिलं तर मात्र परतावा २ च येईल, कारण मागचा मजकूर कुणी बघितलाच नाही. फॉरमॅटच्या शेवटी स्पेस देऊन एक टक्का-सी वाढवा, त्याच्यासाठी एक कॅरॅक्टरही द्या. मागे काही उरलेलं असेल तर परतावा ३ होतो, आणि २ नसेल ते सगळं नाकारायचं.

आकडा अवाढव्य असण्याची शक्यता असेल तर एसस्कॅनएफवर विसंबू नका. इंटमध्ये न मावणारा आकडा आला तर काय होईल याची हमी नाही. तिथं एसटीआर-टू-एल वापरा. आकडा कुठं संपला ते ते दाखवतं, आणि लाँगमध्ये मावला नाही तर एररनो या चूक नोंदवायच्या व्हेरिएबलमध्ये ईरेंज ठेवतं. एररनो आधी शून्य करून घ्यायचं, मग फंक्शन बोलवायचं.

गेट्स वापरलं तर कंपायलर 'धोकादायक' म्हणून ओरडतो. एवढं काय त्यात?

ॲरे केवढा आहे हे गेट्सला सांगायची सोयच नाही. ओळ लांब आली की ते ॲरेच्या पलीकडच्या मेमरीतही लिहीत सुटतं. २ नोव्हेंबर १९८८ ला मॉरिस वर्म (आपोआप पसरणारा प्रोग्रॅम) इंटरनेटवर पसरला, तेव्हा त्याच्या वाटांपैकी एक ही होती. फिंगर नावाच्या सेवेत गेट्स होतं, बफर ५१२ बाइटचा, आणि वर्मनं त्यापेक्षा लांब ओळ पाठवली. २०११ च्या मानकातून गेट्स काढूनच टाकलं. जुन्या गाइडमध्ये अजून सापडतं.

गेट्सला नावं ठेवून नुसतं टक्का-एस लिहिणारे बरेच भेटतात. धोका तोच आहे. ३० चा ॲरे असेल तर टक्का-२९-एस लिहा. शेवटचा बाइट शून्यासाठी, मजकूर कुठं संपला ते त्यावरून कळतं.

एफगेट्सनं घेतलेल्या नावानंतर आउटपुट खालच्या ओळीवर का जातं?

एफगेट्स एंटरही ॲरेत ठेवतं. एसटीआरसीस्पॅननं बॅकस्लॅश-एन शोधा आणि तिथं शून्य ठेवा. तो सापडलाच नाही तर एकतर ओळ ॲरेपेक्षा लांब आहे आणि बाकीची अजून मागे शिल्लक आहे, किंवा इनपुट एंटरशिवायच संपलंय.

मराठी नाव अर्धवट का येतं? शेवटी चौकोन का दिसतो?

जागा कमी पडली. देवनागरीत प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, अनुस्वार, हलंत यांचे तीन-तीन बाइट. 'सांगली' म्हणजे स, काना, अनुस्वार, ग, ल, वेलांटी: सहा त्रिक १८ बाइट. लांबी मोजणारं एसटीआरलेन १८ च सांगेल. 'विश्रामबाग' ३० बाइट, वर शेवटचा शून्य. २० चा ॲरे घेतलात तर एफगेट्स १९ व्या बाइटवर थांबणार, म्हणजे एका चिन्हाच्या पोटातच. उरलेल्या तुकड्याला अर्थ नसतो, म्हणून तो चौकोन किंवा प्रश्नचिन्ह. मराठी नावासाठी निदान २०० बाइट घ्या. मेमरीला आता तोटा नाही.

टक्का-उणे-१५-एस वापरून तक्ता आखायला गेलात तर रकाने हलतील, कारण प्रिंटएफ बाइट मोजतं, डोळ्याला दिसणारी रुंदी नाही. सीमध्ये याला सोपा इलाज नाही. रकान्यांमध्ये टॅब द्या किंवा मराठी रकाना सगळ्यात शेवटी ठेवा. विंडोजच्या कन्सोलवर मुळात अक्षरंच उमटत नसतील, तर प्रोग्रॅमच्या आधी सीएचसीपी ६५००१ ही आज्ञा देऊन बघा.

गेटचार कॅरॅक्टर वाचतं, मग त्याचा परतावा इंट का?

कारण त्याला बाइटच्या २५६ किमतींशिवाय 'इनपुट संपलं' हेही सांगायचं असतं. कॅरॅक्टरमध्ये साठवलंत तर दोन्हींत गल्लत होते. लिनक्सवर कीबोर्डचं इनपुट संपवायला कंट्रोल-डी, विंडोजवर कंट्रोल-झेड आणि एंटर.

हळदीचा दर डबलमध्ये घेतला, तर भलतंच काहीतरी छापतं.

स्कॅनएफमध्ये डबलसाठी टक्का-एलएफ लागतं. टक्का-एफ दिलं तर ते फ्लोट समजून चारच बाइट भरतं. प्रिंटएफमध्ये मात्र टक्का-एफ दोन्हींना चालतं. हा भेदभाव आहे खरा, पण तो पाठच करावा लागतो. अडतीचा किंवा पट्टीचा हिशेब करायचा असेल तर मुळात डबल नकोच. रक्कम पैशांत, लाँग लाँगमध्ये ठेवा आणि छापताना १०० नं भागा.

दर वेळी तेच इनपुट टाइप करून बोटं दुखतात.

एकदाच फाइलमध्ये लिहून ठेवा. टर्मिनलवर प्रोग्रॅमच्या नावापुढं 'पेक्षा लहान'चं चिन्ह आणि फाइलचं नाव दिलं की तीच फाइल कीबोर्डच्या जागी येते. 'पेक्षा मोठं' दिलं की आउटपुट फाइलमध्ये जातं. प्रोग्रॅममधली एक ओळही बदलावी लागत नाही. स्टँडर्ड एररवर पाठवलेल्या चुका तरीही स्क्रीनवरच दिसतात, कारण तिचा क्रमांक वेगळा: इनपुट ०, आउटपुट १, एरर २.

रस्ट शिकलं तर या कटकटी संपतील का?

काही. रस्ट ही अलीकडची भाषा, तिची १.० आवृत्ती २०१५ ची. तिथं ओळ वाचली की परतावा रिझल्ट म्हणून येतो, आणि तो तसाच सोडून दिलात तर कंपायलर टोकतो. स्ट्रिंग लागेल तशी वाढते, त्यामुळं विश्रामबाग अर्धवट तुटत नाही. पण ओळीच्या शेवटचा एंटर तिथंही हातात येतो, तो ट्रिमनं काढावा लागतो. प्रिंट मॅक्रोनं दिलेला प्रॉम्प्ट तिथंही अडकतो, फ्लश करावा लागतो. देवनागरी अंक पार्सला तिथंही चालत नाहीत. आणि रीडलाइन जुनी स्ट्रिंग पुसत नाही, पुढं जोडत जाते. लूपमध्ये आधी क्लिअर करा.

लॅपटॉप नाही, मोबाइलवर सराव केला तर चालेल का?

चालेल. अँड्रॉइडवर टर्मक्समध्ये क्लँग कंपायलर बसवता येतो, आणि ते खरं टर्मिनल असल्यामुळं वरचं जवळपास सगळं तसंच वागतं. ब्राउझरमधल्या ऑनलाइन कंपायलरवर बऱ्याचदा इनपुट आधीच एका चौकटीत भरून द्यावं लागतं, आणि आउटपुटमध्ये 'फूट: इंच: इशारा पातळी ओलांडली' असं सगळं एकाच ओळीत चिकटून येतं. प्रोग्रॅम चुकलेला नसतो. टर्मिनलवर तुम्ही टाइप केलेला आकडा आणि एंटर स्क्रीनवर उमटतात ते टर्मिनल उमटवतं म्हणून. चौकटीतून दिलेलं इनपुट कुणीच उमटवत नाही, त्यामुळं तुमच्या प्रॉम्प्टमध्ये जेवढे बॅकस्लॅश-एन असतील तेवढ्याच ओळी दिसतात.